शेतात जाण्यायेण्याचा रस्ता शेजाऱ्याने अडवला, तर दाद नेमकी कोणती मागावी?

आपण पाठवलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, कारण उत्तराचा बराच भाग तिच्यातल्याच तारखांवर उभा आहे. आपल्या वडिलांनी १९९८ साली पावणेदोन एकरांचा गट खरेदी केला. त्याच्या पुढचा, गाव-रस्त्याला लागून असलेला गट त्या वेळी त्याच मूळ मालकाकडे राहिला होता. आपण तेव्हापासून पुढच्या गटाच्या पूर्वेकडील बांधाने, सुमारे ३०० फूट, आधी बैलगाडी आणि पुढे ट्रॅक्टर नेत आलात. मूळ मालकाने तो पुढचा गट २०१९ साली सध्याच्या शेजाऱ्याला विकला. गेल्या महिन्यात शेजाऱ्याने जेसीबी लावून बांधाला आडवी चर खणली आणि काटेरी तारेचे कुंपण घातले. सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नाही. आपल्या खरेदीखतात ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ एवढेच शब्द आहेत. ऊस तोडणीला आलेला आहे आणि तलाठ्यांनी आपल्याला ‘तहसीलदारांकडे १४३ चा अर्ज करा’, म्हणजे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली नवा रस्ता मागा, असा सल्ला दिला आहे.

माझे मत असे की हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला, तरी आपल्या बाबतीत तो पहिले पाऊल म्हणून चुकीचा आहे. आपल्याला नवा रस्ता मागायचा नाही. असलेला रस्ता अडवला गेला आहे आणि तो मोकळा करून हवा आहे. या दोन मागण्या ऐकायला सारख्या वाटतात. कायद्यात त्या दोन वेगळ्या अधिनियमांखाली येतात, त्यांचे निकष वेगळे आहेत, मुदती वेगळ्या आहेत आणि आदेशाविरुद्ध दाद मागण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. महसुली आणि दिवाणी न्यायालयांत इतकी वर्षे रस्त्यांचे वाद चालवल्यानंतर मला असे दिसते, की हरलेल्या प्रकरणांपैकी फारच थोड्यांत अर्जदाराला हक्क नव्हता. बहुतेकांत हक्क होता, पण अर्ज भलत्याच कलमाखाली, भलत्याच भाषेत केलेला होता.

एक उदाहरण सांगतो. एका शेतकऱ्याने अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ‘आमचा वडिलोपार्जित गाडीरस्ता सामनेवाल्याने नांगरून टाकला’ असे लिहिले, आणि विनंतीत मात्र ‘आम्हांस शेतात जाण्यासाठी कोणताही रस्ता नसल्याने नवीन रस्ता मंजूर व्हावा’ असे मागितले. अर्ज त्याने गावातल्या लेखनिकाकडून लिहून घेतला होता. समोरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: रस्ता होता की नव्हता? होता म्हटले तर नव्या रस्त्याची गरज उरत नव्हती, नव्हता म्हटले तर अडवणूक कशाची, असा पेच झाला. अर्ज नामंजूर झाला, अपील झाले, आणि प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा जुन्या रस्त्यासाठीची सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

ही सहा महिन्यांची मुदत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधली आहे. हा जुन्या मुंबई इलाख्याचा कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि त्यातला ‘मामलेदार’ म्हणजे आजचा तहसीलदार. त्याच्या कलम ५ प्रमाणे शेतीच्या जमिनीकडे जाणारा रस्ता किंवा रूढीने चालत आलेली वाट वापरताना कोणी कायदेशीर मार्गाशिवाय अडथळा केला, किंवा तसा प्रयत्न केला, तर तहसीलदार न्यायालय म्हणून बसून त्याला मनाई करू शकतो. वादकारण, म्हणजे येथे अडथळा, घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. त्यानंतर आलेले वादपत्र तहसीलदाराला फेटाळावेच लागते. आपली चर गेल्या महिन्यात खणलेली आहे, म्हणजे मुदत हाताशी आहे. तलाठ्यांचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा, ‘आधी गावात मिटवून पाहू’ अशा बैठका यांत ती संपू देऊ नये. तलाठ्याकडे किंवा पोलिसांत दिलेल्या तक्रारीमुळे ही मुदत थांबत नाही.

कलम ५ खाली जो कागद द्यायचा असतो त्याला अर्ज न म्हणता वादपत्र म्हणतात, आणि ते नाव शोभेचे नाही. त्यात वादी-प्रतिवादींची पूर्ण नावे, वय, व्यवसाय आणि पत्ते, अडथळ्याचे स्वरूप आणि जागा, वादकारण घडल्याची तारीख, ज्यांवर भिस्त आहे ते दस्तऐवज आणि साक्षीदार यांचा उल्लेख हवा आणि शेवटी सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचे सहीनिशी कथन, हवे. तारीख ‘सुमारे एक महिन्यापूर्वी’ अशी मोघम लिहू नका; चर कोणत्या दिवशी खणली तो दिवस लिहा, जेसीबीचा फोटो काढला असेल तर तो जोडा. रस्त्याचे वर्णनही तितकेच नेमके हवे: कोणत्या गटाच्या कोणत्या दिशेच्या बांधाने, कुठून सुरू होऊन कुठे संपतो, किती लांब, किती रुंद. हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडावा आणि त्यात चर आणि कुंपण लाल शाईने दाखवावे. मागणी दोन भागांत करावी: केलेला अडथळा दूर करून वापर पूर्ववत करून मिळावा, आणि प्रतिवादीला पुढे अडथळा करण्यास मनाई व्हावी.

या दाव्यात तहसीलदार मालकी ठरवत नाही. अडथळा होण्यापूर्वी वादी तो रस्ता प्रत्यक्ष वापरत होता का, प्रतिवादीने तो कायदेशीर आधाराशिवाय अडवला का, आणि दावा सहा महिन्यांच्या आतला आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते. म्हणून पुरावाही वापराचाच हवा. साखर कारखान्याच्या तोडणी-वाहतुकीच्या पावत्या असतील तर त्या अतिशय उपयोगी, कारण आपला ऊस दर हंगामात वाहनाने बाहेर पडला हे त्यांतून दिसते. आणि त्या वाहनाला दुसरा रस्ता नव्हता हे नकाशातून दिसले की साखळी पूर्ण होते. उपग्रहावरून घेतलेली जुनी छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात. त्यांत बांधालगत चाकोरीच्या दोन पांढऱ्या रेषा अनेकदा स्पष्ट दिसतात. साक्षीदार निवडताना भाऊबंदांपेक्षा ट्रॅक्टरवाला, ऊसतोडीचा मुकादम किंवा पलीकडच्या बांधाचा शेतकरी अधिक भरवशाचा ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ मालक हयात असेल आणि खरे बोलायला तयार असेल, तर त्याची साक्ष घ्या. दोन्ही गट त्याचेच होते.

निकाल आपल्या बाजूने लागला तर त्याची अंमलबजावणी तहसीलदारानेच करून द्यायची असते आणि मनाईहुकूम मोडणे हा लोकसेवकाच्या आदेशाच्या अवज्ञेचा गुन्हा होतो. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचे कलम १८८ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आहे. या निकालावर अपील नाही. कलम २३ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण, म्हणजे आदेशाची वरून फेरतपासणी, होते आणि ते अधिकार सहसा उपविभागीय अधिकारी वापरतात. पुनरीक्षण दाखल झाले म्हणजे आदेश आपोआप थांबला, असा गैरसमज गावोगाव आहे. स्वतंत्र स्थगिती आदेश नसेल तर मूळ आदेश अंमलात आणता येतो. मात्र हा सगळा निकाल दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन असतो, हे शेजाऱ्यालाही ठाऊक असते, आणि म्हणून पुढचा भाग आपण समजून घेणे आवश्यक आहे.

त्याआधी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ विषयी. ज्याला शेतात जायला रस्ताच नाही, त्याने इतरांच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे सरबांधावरून, जाण्याचा हक्क मागितला तर तहसीलदाराने चौकशी करून तो ठरवावा, आणि ठरवताना शेतकऱ्याला आपल्या शेतात वाजवी प्रवेश मिळण्याची गरज लक्षात घ्यावी, असे हे कलम सांगते. ‘हद्दीवरून’ हा शब्द त्यातला कणा आहे. दुसऱ्याच्या शेताच्या मधोमध, जवळ पडते म्हणून, या कलमाखाली रस्ता मागता येत नाही. असे दिलेले आदेश वरच्या पायरीवर टिकत नाहीत. तसेच बांध दोन खातेदारांमधला असतो आणि रस्त्याची रुंदी दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी घेण्याची पद्धत आहे, म्हणून बांधाच्या दोन्ही अंगांचे सर्व सहहिस्सेदार, सातबाऱ्यावर जितकी नावे आहेत तितके सगळे, सामनेवाले म्हणून हवेत. आपल्या बाबतीत पूर्वेच्या बांधापलीकडचा शेतकरी या भांडणात कुठेच नाही, पण १४३ चा अर्ज केलात तर त्यालाही नोटीस काढावी लागेल, आणि आज जो माणूस आपला साक्षीदार होऊ शकतो तो उद्या विरोधक होईल.

तहसीलदाराच्या १४३ खालील आदेशाविरुद्ध नाराज पक्षकार उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करू शकतो किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावू शकतो. दिवाणी दावा लावला की अपील आणि पुनरीक्षणाची वाट बंद होते. या कलमात रस्त्यासाठी जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याची तरतूद नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या विरोधामागे केवळ हट्ट असतो असे मी मानत नाही. आपल्याच ३०० फुटांचा हिशेब करून पाहा: सव्वाआठ फूट रुंदी धरली तर सुमारे सव्वादोन गुंठे होतात, आणि चार मीटर रुंदी धरली तर साडेतीन गुंठ्यांच्या वर जातात. एक-दीड एकराच्या खातेदाराला हे क्षेत्र डोळ्यांवर येणारच.

सव्वाआठ हा विचित्र आकडा कुठून आला, असे कोणी विचारेल म्हणून थोडे विषयांतर करतो. जुन्या भूमापनाची साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. पाव साखळी म्हणजे सव्वाआठ फूट, अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा फूट. म्हणूनच गाव नकाशावर एका तुटक रेषेने दाखवलेली पायवाट सव्वाआठ फुटांची, आणि दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरला जातो. आपल्या गावच्या नकाशाची नक्कल भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून अवश्य काढा. पूर्वेच्या बांधावर अशी तुटक रेषा निघाली, तर सगळे चित्र बदलते: तो रस्ता नकाशावरचा ठरतो, त्याखालचे क्षेत्र त्या गटात पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून दाखवलेले असू शकते, आणि शेजाऱ्याने खणलेली चर ही केवळ आपली अडवणूक राहत नाही, नकाशावरच्या रस्त्यावरील अतिक्रमण ठरते. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर मोडून गट झाले, तेव्हा अशा काही रेषा नव्या नकाशावर उतरल्या नाहीत. म्हणून गट नकाशासोबत जुन्या सर्व्हे नंबरचा नकाशा आणि टिपणही (मोजणीच्या वेळचे मापांसह रेखाचित्र) पाहावे. या कागदांसाठी एक खेप जास्त झाली तरी चालेल.

आता दिवाणी हक्क. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्यायेण्याचा जो हक्क एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर असतो, त्याला भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये सुविधाधिकार म्हटले आहे. बोलीत आपण त्याला वहिवाटीचा हक्क म्हणतो. हा हक्क माणसाचा नसतो, जमिनीचा असतो: आपण शेत विकले तर तो घेणाऱ्याकडे जातो, शेजाऱ्याने विकले तर तिथल्या नव्या मालकावर बसतो. तो अनेक मार्गांनी निर्माण होतो. आपल्या हकीकतीत त्यांतले तीन एकत्र आले आहेत, आणि दिवाणी दाव्यात ते तिन्ही, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत आणि वेगवेगळ्या तथ्यांसह मांडावे लागतील.

पहिला मार्ग खरेदीखताचा. ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह’ हे शब्द आपल्याकडच्या बहुतेक खरेदीखतांत ‘झाड, झुडूप, दगड, धोंडा, निधीनिक्षेपासह’ या जुन्या ठेक्यात आपोआप येतात, म्हणून कित्येकदा न्यायालय त्यांना फारसे वजन देत नाही. पण आपल्याला विकणारा आणि पुढच्या गटाचा त्या वेळचा मालक एकच होता. स्वतःच्या दुसऱ्या जमिनीवरून वाट देण्याचा अधिकार त्याला होता, आणि नोंदणीकृत दस्तात त्याने तो वापरला असे म्हणता येते. खतात चतुःसीमेत किंवा इतरत्र पूर्वेच्या बांधाचा नुसता उल्लेख सापडला तरी हा मुद्दा पुष्कळ बळकट होईल. शेजाऱ्याच्या २०१९ च्या खरेदीखताची नक्कलही दुय्यम निबंधक कार्यालयातून काढा. त्यात रस्त्याविषयी काही मान्य केलेले असेल तर त्याच्याच दस्ताने प्रश्न सुटतो.

दुसरा मार्ग निकडीचा, कलम १३ चा. एकाच मालकाने आपल्या जमिनीचा मागचा तुकडा विकला आणि पुढच्या तुकड्यावरून गेल्याशिवाय मागच्या तुकड्याचा उपभोगच घेता येत नसेल, तर कागदावर एक अक्षर नसले तरी कायदा वाट गृहीत धरतो. येथे सोय पुरत नाही, निकड लागते. शेजारी म्हणतो त्याप्रमाणे ओढ्याच्या बाजूने वाट असेल, तर ती कोणाच्या जमिनीतून जाते, तिच्यावर आपला काही हक्क आहे का, आणि वाहन तिथून जाते का, हे सगळे तपासले जाईल. दुसऱ्याच्या मेहेरबानीने वापरता येणारी वाट हा पर्याय नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. पण हक्काची दुसरी वाट असेल आणि ती फक्त लांबची असेल, तर या मार्गावर भिस्त ठेवू नये. शिवाय कलम ४१ प्रमाणे निकड संपली की हा हक्कही संपतो: उद्या मागच्या बाजूने सरकारी रस्ता झाला, तर शेजारी हीच वाट बंद मागू शकेल.

तिसरा मार्ग दीर्घ वहिवाटीचा, कलम १५ चा. शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वाट वापरली, तर ती हक्काची होते. सरकारी जमीन असेल तर ३० वर्षे लागतात. आपली मोजणी १९९८ पासूनच सुरू होईल, त्याआधीची नाही. कारण तोपर्यंत दोन्ही गट एकाच मालकाचे होते आणि स्वतःच्याच जमिनीवर कोणाला सुविधाधिकार मिळत नाही. वडील १९९८ पूर्वी त्याच मालकाचे कुळ म्हणून तिथून जात असत असे आपण लिहिले आहे. ते दाव्यात पार्श्वभूमी म्हणून लिहा, वीस वर्षांत धरू नका. या मार्गाला पर्यायी रस्ता नसण्याची अट नाही, ही त्याची ताकद. त्याची कमजोरी ‘हक्क म्हणून’ या दोन शब्दांत आहे. दर हंगामात वडील मूळ मालकाच्या ओसरीवर जाऊन ‘अण्णा, उद्या गाडी नेतो, हरकत नाही ना?’ असे विचारत असतील, तर तो वापर परवानगीचा ठरण्याचा धोका आहे, आणि परवानगीने पन्नास वर्षे चालले तरी हक्क तयार होत नाही. एवढेच नव्हे, तर नुसती परवानगी देणाऱ्याने जमीन विकली की नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. शेजाऱ्याच्या वकिलाचा मुख्य बचाव हाच असेल असे धरून चला: मूळ मालकाने सौजन्याने जाऊ दिले, २०१९ ला ते सौजन्य संपले. याला उत्तर साक्षीदारांकडूनच यायला हवे. बांधावर मुरूम कोणी टाकला, पावसात वाहून गेल्यावर भराव कोणी केला, २०१९ नंतर नव्या मालकाला कधी विचारले का, हे प्रश्न उलटतपासात येणारच.

दीर्घ वहिवाटीच्या बाबतीत न्यायालये अलीकडे काटेकोर झाली आहेत. महाराष्ट्रातल्याच एका वीस फुटी रस्त्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या निकालाचा धडा असा, की ‘बऱ्याच वर्षांपासून वापर आहे’ एवढ्या विधानाने वीस वर्षे सिद्ध होत नाहीत. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका जुन्या प्रकरणातही वापर केव्हा सुरू झाला याचा नेमका पुरावा नसणे वादीला भोवले. म्हणून दावापत्रात ‘पूर्वापार’, ‘अनादी काळापासून’ हे आपल्या आवडीचे शब्द टाळा. महिना आणि वर्ष लिहा. साक्ष वडिलांची घ्या, ते चालू शकत असतील तर त्यांनाच पिंजऱ्यात उभे करा. १९९८ सालचे ज्ञान त्यांना आहे, आपल्याला ऐकीव आहे.

मुदतीचा आणखी एक भाग येथे आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. कलम १५ मधली वीस वर्षे दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी असावी लागतात. म्हणजे वीस वर्षे केव्हातरी पूर्वी भरली, एवढे पुरत नाही. वापर दाव्याच्या जवळपर्यंत चालू असला पाहिजे. त्याचप्रमाणे अडथळा झाल्याचे कळूनही एक वर्ष आपण तो मुकाट सोसला, तर वहिवाटीत खंड पडला असे धरता येते. त्यामुळे कलम ५ चा दावा लांबला आणि वर्ष उलटू लागले, तर निकालाची वाट पाहत न थांबता दिवाणी न्यायालयात हक्काची घोषणा आणि निरंतर मनाई यांचा दावा दाखल करावा आणि सोबत तूर्तातूर्त, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, मनाईचा अर्ज द्यावा. जागेची आजची स्थिती नोंदवण्यासाठी न्यायालयीन आयुक्ताची नेमणूक सुरुवातीलाच मागावी. चर बुजवून वर ऊस लावला की पुढे रस्त्याची खूणही उरत नाही.

शेजाऱ्याच्या बाजूचे दोन शब्दही लिहिणे मला आवश्यक वाटते. आपला हक्क जाण्यायेण्यापुरता आहे; बांधाखालची जमीन त्याचीच राहते. वाट वापरताना त्याला कमीत कमी त्रास होईल अशाच रीतीने ती वापरायची असते, आणि तिची डागडुजी आपल्या खर्चाने आपण करायची असते. बैलगाडीच्या वाटेवरून उद्या दहा चाकी ट्रक नेईन असा आग्रह धरता येणार नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीपुरते बोलायचे तर ती कोणत्या सालापासून जाते याचा पुरावा द्यावा, म्हणजे रुंदीचा वाद आटोक्यात राहतो. जनावरे शिरू नयेत म्हणून त्याने बांधाच्या तोंडाशी कुलूप नसलेले फाटक किंवा, कोकणात लावतात तसे, बेडे लावले तर ती अडवणूक ठरेल असे मला वाटत नाही, आणि त्यावरून दावा लावू नये.

सातबाऱ्यावर नोंद नाही याची धास्ती घेऊ नका. अधिकार अभिलेखातील नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, पण नोंद नसणे म्हणजे हक्क नसणे नव्हे. मात्र आदेश हाती आला की तिथे नोंद करून घेण्यात हयगय करू नका. महसूल विभागाच्या २२ मे २०२५ च्या शासन निर्णयाप्रमाणे शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि रस्त्याची नोंद संबंधित सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी असे धोरण आहे. नोंद शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर व्हायला हवी, केवळ आपल्या नव्हे. पुढे तो गट विकत घेणारा माणूस त्याचाच उतारा पाहणार आहे. त्या निर्णयाने जुन्या आठ फुटी वाटेचे आपोआप चार मीटर झाले, असे समजून बांध उकरायला मात्र जाऊ नये.

आपण विचारले आहे की शेजारी पाच गुंठे अदलाबदलीत मागतो आहे, तर तडजोड करावी का. आकडा जास्त आहे, पण तडजोडीला माझा विरोध नाही. रस्त्याचे दावे जिंकूनही रोज त्याच माणसाच्या बांधावरून जावे लागते. दोन-अडीच गुंठ्यांच्या मोबदल्यात कायम वाट मिळत असेल तर आपल्या जागी मी ती घेईन. अट एकच, की ती पाचशे रुपयांच्या मुद्रांकावरच्या नोटरी केलेल्या संमतीपत्रात नको. संमतीपत्र म्हणजे बहुतेक वेळा लेखी परवानगीच असते. ती मागे घेता येते आणि जमीन विकल्यावर नव्या मालकाला बांधत नाही. वाटेचा हक्क देणारा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, त्यात दोन्ही गट क्रमांक, दिशा, लांबी, रुंदी, वाहनाचा प्रकार, आणि तो हक्क ‘वारस, खरेदीदार आणि हस्तांतरितींवर बंधनकारक’ असल्याचे वाक्य हवे, आणि मोजणीचा नकाशा त्याचा भाग म्हणून जोडलेला हवा. दावा चालू असताना तडजोड झाली, तर ती न्यायालयात किंवा लोकअदालतीत नोंदवून हुकूमनाम्यात आणावी.

राहिला उभा ऊस. दावा दाखल केल्याबरोबर तोडणीपुरता रस्ता मोकळा ठेवण्याचा अंतरिम आदेश मागा आणि कारखान्याकडून तोडीची अपेक्षित तारीख लेखी घेऊन ती सोबत जोडा. दरम्यान गावातल्या मध्यस्थांमार्फत शेजारी ‘या हंगामापुरते जाऊ देतो, लिहून द्या’ असे म्हणेल. बहुतेक जण म्हणतात. लिहून द्यायला हरकत नाही, पण त्या कागदात ‘आपल्या परवानगीने’ किंवा ‘विनंतीवरून’ हे शब्द येऊ देऊ नका, कारण पुढच्या प्रत्येक तारखेला तोच कागद आपल्यासमोर धरला जाईल. त्याऐवजी एवढेच लिहा: ‘उभय पक्षांच्या हक्कांस आणि चालू दाव्यास बाधा न येता, चालू गळीत हंगामात ऊस वाहतुकीसाठी पूर्वेकडील बांधावरील चर बुजवून वाहन नेण्यात येईल.’ खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, तारीख घाला, आणि चर बुजवण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.